लिनक्सवर ‘हे फीचरच नाही’ असं वाटतं तेव्हा काय तपासावं

आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचा.

वरच्या मेनूत वायफायची ओळच दिसत नाही, नेटवर्कची यादी तर दूरच. व्हिडिओचा आवाज येतो, पण चित्र काळं. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की समोरच्यांना नुसता काळा चौकोन दिसतो. घड्याळाशेजारचे छोटे आयकॉन गायब आहेत. पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, पण एका ठरावीक अ‍ॅपला तो दिसतच नाही. विंडोजची ड्राइव्ह उघडते, पण तिच्यात काही सेव्ह करता येत नाही. ‘दुसऱ्या’ लिहायला जावं तर ‘दुसर्या’ उमटतं. बंद करण्याच्या मेनूत ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) नाहीच.

बरीच वर्षं मी ओळखीच्या लोकांचे लिनक्सवरचे लॅपटॉप सांभाळतो आहे. येणाऱ्याची तक्रार वेगळी असते, वाक्य मात्र एकच असतं: ‘यात ते फीचरच नाहीये.’ त्यातल्या कित्येकांनी माझ्याकडे येण्याआधी सगळी सिस्टिम पुसून पुन्हा टाकलेली असते. काहींनी तर दोनदा. तरीही अडचण तशीच, कारण त्याच पेनड्राइव्हवरून तीच पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तेच तयार गठ्ठे, पुन्हा आली. म्हणून एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो: पुन्हा इन्स्टॉल करू नका. त्यात दिवस जातो, कधीकधी डेटाही जातो, आणि दोष कुठे होता ते कळतच नाही.

‘नाही’ हा शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. फीचर आहे, पण बंद आहे. फीचर आहे, पण त्याचं पॅकेज टाकलेलं नाही. पॅकेज आहे, पण खालच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते हार्डवेअर ओळखता येत नाही किंवा त्याचं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतला प्रोग्राम) सापडत नाही. आणि चौथं, ते खरंच कुणी बनवलेलं नाही. पहिल्या दोन प्रकारांत पैसा लागत नाही, धोकाही नसतो. म्हणून तपासायचं ते याच क्रमाने.

(आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची: rfkill, lspci, dmesg, uname, lsusb. पर्यायाआधी छोटी आडवी रेघ, जसं lspci -k.)

बंद आहे का ते आधी बघा

वायफाय किंवा ब्लूटूथ गेलं असेल तर टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. प्रत्येक रेडिओपुढे दोन ओळी येतात: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट ब्लॉकपुढे ‘यस’ असेल तर सॉफ्टवेअरने ते बंद केलं आहे, ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ म्हटलं की सुरू होतं. हार्ड ब्लॉकपुढे ‘यस’ असेल तर कुठलीही आज्ञा कामाची नाही. लॅपटॉपच्या कडेचं बारीक स्विच किंवा विमानाचं चित्र असलेली फंक्शन की शोधायची. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो, आणि ती न करता ड्रायव्हरच्या मागे लागलेल्यांचे अख्खे रविवार गेलेले मी पाहिले आहेत.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हेही बघा. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की ‘शट डाउन’ दाबूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स त्या ड्राइव्हमध्ये लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे, कारण अर्धवट अवस्थेतल्या ड्राइव्हमध्ये लिहिलं तर फाइली खराब होतात. काही लॅपटॉपवर याच कारणाने वायफाय कार्डही नीट जागं होत नाही. उपाय सोपा आहे: विंडोजमध्ये जा, शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, मग लिनक्स सुरू करा. फरक पडला तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका. ते पुन्हा चालू झालं की हा दोषही परत येतो. म्हणून विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर त्या सेटिंगवर एक नजर टाकत जा.

डेस्कटॉपने मुद्दाम काढलंय का?

लिनक्स हे एकच घर नाही. गनोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई हे सगळे वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या मांडण्या, आहेत आणि प्रत्येकाचं मत वेगळं आहे. घड्याळाशेजारचे आयकॉन हे याचं ठळक उदाहरण. गनोमने २०१७ मध्ये, ३.२६ या आवृत्तीत, त्यांची जागाच काढून टाकली. त्यामुळे एखादं चॅटचं किंवा बॅकअपचं अ‍ॅप फुलीवर क्लिक करून बंद केलं की ते पाठीमागे चालू राहतं, पण परत उघडायला कुठे आयकॉनच नसतो. लोकांना वाटतं अ‍ॅप बिघडलं.

यासाठी ‘अ‍ॅपइंडिकेटर’ नावाचं एक्स्टेंशन टाकावं लागतं. उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या तयार आवृत्त्या, म्हणजे ‘डिस्ट्रो’. उबुंटूत ते एक्स्टेंशन आधीच असतं, फेडोराच्या मूळ गनोममध्ये नसतं. पण खरी मेख पुढे आहे. गनोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. कुठलं एक्स्टेंशन कुठल्या आवृत्तीवर चालेल हे त्याच्या लेखकाने त्यात लिहून द्यावं लागतं, आणि नवी आवृत्ती त्या यादीत नसेल तर गनोम ते एक्स्टेंशन गपचूप बंद करतं. म्हणूनच ‘मागच्या वेळी तुम्ही दुरुस्त करून दिलं होतं, पुन्हा गेलं’ हा फोन मला वर्षातून दोनदा येतो. तेव्हा काही नव्याने टाकायचं नसतं. एक्स्टेंशन्सचं अ‍ॅप उघडायचं, ते अपडेट झालंय का बघायचं आणि झालं नसेल तर दोनतीन आठवडे थांबायचं. हे थांबणं ज्यांना नको आहे त्यांना मी प्लाझ्मा किंवा सिनॅमन वापरायला सांगतो. तिथे हे आयकॉन मुळातच आहेत.

१२५ टक्के स्केलिंगचंही तसंच आहे. प्लाझ्मात ते सरळ मिळतं. गनोममध्ये काही डिस्ट्रोंवर १०० आणि २०० एवढेच पर्याय दिसतात, मधले पर्याय एका वेगळ्या सेटिंगमागे असतात.

अ‍ॅपला परवानगी आहे का?

पेनड्राइव्ह बाकी सगळीकडे दिसतो आणि एकाच अ‍ॅपला दिसत नाही, तेव्हा ते अ‍ॅप फ्लॅटपॅक किंवा स्नॅप म्हणून टाकलेलं आहे का ते बघा. ही अ‍ॅप्स कुंपणात चालतात. ज्या फोल्डरची परवानगी दिलेली नाही तो फोल्डर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. फ्लॅटपॅक असेल तर ‘फ्लॅटसील’ नावाचं छोटं अ‍ॅप घ्या, त्यात डावीकडे ते अ‍ॅप निवडा आणि हवा तो फोल्डर जोडा. सगळ्या फाइल्सची परवानगी सरसकट देऊ नका. कुंपण तुमच्याच भल्यासाठी आहे, त्यातली एकच फट उघडा.

पॅकेज टाकलेलं आहे का?

व्हिडिओचा काळा पडदा बहुतेक वेळा इथला असतो. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ पद्धतींवर पेटंट आहेत, म्हणून काही डिस्ट्रो त्यांचे कोडेक, म्हणजे ते व्हिडिओ उलगडणारे भाग, सोबत देत नाहीत. फेडोराने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने हे व्हिडिओ उलगडण्याची सोयही आपल्या मेसा या ग्राफिक्सच्या पॅकेजातून काढली. तिथे आरपीएम फ्यूजन नावाची वेगळी रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडावी लागते. ओपनसुसे या डिस्ट्रोवर तशीच पॅकमन आहे. उबुंटूवर इन्स्टॉल करतानाच त्रयस्थ सॉफ्टवेअरसाठी एक चौकोन येतो, त्यावर टिक करायची राहून गेली तर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हे पॅकेज नंतर टाकता येतं.

पण रिपॉझिटरी जोडण्याआधी एक फुकटची चाचणी करा. फ्लॅटहबवरून (फ्लॅटपॅक मिळतात ते ठिकाण) व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका. तो स्वतःचे कोडेक सोबत आणतो. फाइल व्हीएलसीत चालली तर फाइल चांगली आहे आणि सिस्टिममध्ये कोडेक नाही. व्हीएलसीतही चालली नाही तर बहुधा फाइलच खराब आहे, कोडेक शोधत बसू नका. या एका चाचणीने मी निम्मं काम वाचवतो.

स्क्रीन शेअरिंग हा इथला सर्वांत गुंतागुंतीचा भाग, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स-ऑर्ग पद्धतीत कुठलंही अ‍ॅप कुठल्याही दुसऱ्या अ‍ॅपची खिडकी वाचू शकत असे, पासवर्ड टाइप करत असलेलीसुद्धा. तिच्या जागी आलेल्या वेलँडने हे थांबवलं. आता अ‍ॅपला ‘पोर्टल’कडे मागणी करावी लागते, पोर्टल तुम्हाला विचारतं की कुठली स्क्रीन दाखवायची, आणि मग चित्र पाइपवायर या चित्र-आवाज वाहून नेणाऱ्या सेवेमधून जातं. या साखळीतली एक कडी जरी नसली तरी समोर काळा चौकोन.

एका शिक्षिकेच्या लॅपटॉपवर हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. त्यांचं मीटिंगचं अ‍ॅप जुनं होतं, एक्स-ऑर्गच्या काळातलं, आणि वेलँडवर ते एका मधल्या थरातून चालत होतं. त्याला फक्त त्याच्यासारख्याच जुन्या अ‍ॅप्सच्या खिडक्या दिसत. त्यामुळे कधी एखादी खिडकी शेअर होई, कधी काहीच नाही, आणि बाई बिचाऱ्या प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मुलांना ‘दिसतंय का, दिसतंय का’ विचारत राहत. तीच मीटिंग फायरफॉक्समध्ये उघडली. कुठली स्क्रीन दाखवायची ते विचारणारी पोर्टलची चौकट समोर आली आणि पहिल्याच फटक्यात चित्र गेलं. पॅकेज एकही टाकावं लागलं नाही.

म्हणून क्रम असा: आधी तीच मीटिंग ब्राउझरमध्ये उघडा. ब्राउझरमध्ये चाललं तर अ‍ॅप अपडेट करा किंवा ब्राउझरच वापरा. ब्राउझरमध्येही पोर्टलची चौकट आली नाही तर तुमच्या डेस्कटॉपला जुळणारं पोर्टल पॅकेज आहे का ते बघा. गनोमचं वेगळं, केडीईचं वेगळं, स्वेसारख्या डेस्कटॉपसाठी ‘डब्ल्यूएलआर’ नावाचं वेगळं. एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकून बघणाऱ्यांकडे चुकीचं पोर्टल पुढे येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. ‘एक्स-ऑर्गवर परत जा’ हा जुना सल्ला आता देऊ नये असं मला वाटतं. गनोमने ४९ व्या आवृत्तीत ते सत्र मुळातच बंद करून ठेवलंय, तेव्हा त्या वाटेने फार दिवस जाता येणार नाही.

आता मराठी. कीबोर्ड जोडताना सेटिंग्जमध्ये ‘मराठी’ शोधलं की एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट मिळतो, त्यासाठी काही वेगळं टाकावं लागत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतला आडव्या रेघेचा र काढायला साधा र वापरायचा नाही, नुक्त्याचा ऱ वापरायचा: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. एवढ्याने ‘ऱ्य’ उमटतं. शिफ्ट न दाबता तेच केलं तर ‘र्य’ येतं, सूर्यातलं. कीबोर्ड बरोबर आणि तरी चौकोन किंवा तुटकी अक्षरं दिसत असतील तर फाँट नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका. उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्यांना आयबस या टायपिंगच्या सोयीचं एम१७एन पॅकेज लागतं. ते टाकल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत मराठी दिसत नाही आणि ‘टाकलं तरी नाही’ अशी नवी तक्रार सुरू होते. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि इंग्रजीचा फाँट वेगवेगळे नेमावे लागतात, हे माहीत नसल्याने अनेकजण फाँट बदलतात आणि मराठी अक्षरं मात्र तशीच राहतात.

फर्मवेअर आणि कर्नल

इथून पुढे काम जरा अवघड होतं, पण हाताबाहेरचं नाही.

‘एलएसपीसीआय’ आज्ञेला ‘के’ हा पर्याय जोडून चालवा. मशीनमधल्या कार्डांची यादी येते आणि प्रत्येकाखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते लिहिलेलं असतं. वायफाय कार्डाखाली ड्रायव्हरची ओळ नसेल तर कर्नलने त्याला ओळखलेलं नाही. ओळ असेल पण वायफाय नसेल तर ‘डीएमईएसजी’ आज्ञेच्या मजकुरात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. तिथे ‘फेल्ड टू लोड’ दिसलं की कारण सापडलं. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत भरायचा छोटा प्रोग्राम, आणि तो बऱ्याचदा मुक्त परवान्याचा नसतो. डेबियनने याच कारणाने तो वर्षानुवर्षं अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवला नव्हता. २०२२ मध्ये मतदान होऊन २०२३ च्या डेबियन १२ पासून तो आत आला. कुणी जुन्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११ टाकलं असेल तर वायफाय न दिसण्याचं तेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे.

वायफायच नाही तर फर्मवेअर उतरवायचं कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, त्याला फर्मवेअर लागत नाही.

ड्रायव्हरची ओळच नसेल तर ‘युनेम’ला ‘आर’ पर्याय जोडून कर्नलची आवृत्ती बघा. इंटेलचं एएक्स२१० कार्ड घ्या: त्याला ५.१० पासूनचा कर्नल लागतो, ५.४ वर ते चालत नाही. कार्ड चांगलं, सिस्टिम चांगली, फक्त जोडी जुळत नाही. इथली माझी आवडती चाचणी म्हणजे ताज्या डिस्ट्रोचा लाइव्ह पेनड्राइव्ह. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं त्यावरून सुरू करायचं आणि वायफाय दिसतं का बघायचं. दिसलं तर नवा कर्नल हवा, आणि तो डिस्ट्रोच्या अधिकृत वाटेनेच घ्यायचा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर त्यासाठी ‘हार्डवेअर एनेबलमेंट’ नावाचा, नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल असतो. कुणाच्या तरी जुन्या लेखातून चार ओळी उचलून ड्रायव्हर स्वतः बांधू नका. तो पुढच्या कर्नल अपडेटला तुटतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकूनही लागू होत नसेल तर सिक्युअर बूट तपासा. ते चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे इथे ड्रायव्हर, कर्नल घेत नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच पुन्हा मागितला जातो. तो पडदा काही सेकंदांत निघून जातो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की नोंदणी राहून जाते आणि ड्रायव्हर निकामी. निळा पडदा आला की थांबा आणि ‘एनरोल’ निवडा.

खरंच नाही ते

काही गोष्टींना उपाय नाही, हे मान्य केलेलं बरं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. फिंगरप्रिंट रीडरसाठी ‘लिबएफप्रिंट’ प्रकल्पाची यादी बघा. ‘एलएसयूएसबी’ आज्ञेत दिसणारा तुमच्या रीडरचा क्रमांक त्या यादीत नसेल तर तो चालणार नाही, त्यावर संध्याकाळ घालवू नका.

हायबरनेट या सीमेवर उभं आहे. उबुंटूने ते १२.०४ पासून मेनूतून काढलं. फेडोरा ३३ पासून स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा) डिस्कवर नाही, मेमरीतच दाबून ठेवलेला असतो, मग वीज गेल्यावर तो टिकणार कसा? शिवाय सिक्युअर बूट चालू असलं की कर्नलच हायबरनेट नाकारतो. हे सगळं बदलता येतं, पण त्यासाठी कधीकधी पार्टिशनही हलवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे पूर्ण बॅकअप नाही त्याने हे करू नये.

कुठे थांबायचं

‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’ दोन्हींत कार्ड दिसत नाही, लाइव्ह पेनड्राइव्हवर दिसत नाही आणि विंडोजमध्येही नाही, तर ते सैल झालंय किंवा मेलंय. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. बॅटरीची वायर न काढता आत स्क्रू ड्रायव्हर घालणं महागात पडतं.

बायोस अपडेट करायला कुणी सांगितलं आणि बॅटरी धड टिकत नसेल, तर थांबा. मध्येच वीज गेली तर मशीन सुरूच होणार नाही, आणि मग बोर्डावरची चिप वेगळ्या यंत्राने लिहावी लागते. ते घरचं काम नाही.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे आणि पार्टिशन बदलायची वेळ आली आहे, तर थांबा. मशीन ऑफिसचं आहे, तर पहिल्या पायरीनंतरच थांबा आणि तिथल्या आयटीवाल्यांना कळवा. सिक्युअर बूट बंद करणं हा तुमचा निर्णय नाही.

दुसऱ्याकडे देताना कागदावर चार गोष्टी लिहून द्या: डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, ‘एलएसपीसीआय’मधली त्या कार्डाची पूर्ण ओळ, आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय दिसलं. माझ्याकडे असा कागद घेऊन आजवर दोनच जण आले. दोघांचंही काम मी त्याच बैठकीत करून दिलं.